ग्रीन बिल्डिंगचा फायदा कुणाला आणि त्रास कुणाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नुकताच लागलोय. ग्रीन रेटिंगची, म्हणजे बिल्डिंग किती पर्यावरणपूरक आहे याचे गुण द्यायची, चेकलिस्ट भरायचं काम माझ्याकडे आलंय. काच, एलईडी, सोलर, लो फ्लो नळ सगळं भरतोय, पण यात माणसं कुठे येतात तेच कळत नाही. सामाजिक, नैतिक बाजू म्हणतात ती नक्की काय, आणि माझ्यासारख्या ज्युनियरच्या हातात त्यातलं काय आहे?"

मी सिव्हिल इंजिनियर. बरीच वर्षं साइटवर काढली, आता सोसायट्यांच्या सर्व्हिसेसचं काम बघते. तू म्हटलं तर चालेल ना, वयाने लहान असशील असं धरून चालते.

आधी थेट उत्तर. टेक्नॉलॉजी कुठलीही घे, तिच्यामुळे वाचलेलं पाणी, वीज, पैसा हा एका माणसाच्या खात्यात जमा होतो आणि तिची घाण, धोका, देखभाल दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर पडते. ही दोन माणसं वेगळी असली आणि दुसऱ्याला कुणी विचारलेलंच नसलं की तिथे नैतिक प्रश्न तयार होतो. चेकलिस्टमध्ये फक्त पहिला माणूस असतो, दुसरा बहुतेक वेळा कंपाऊंडच्या बाहेर, नाहीतर बेसमेंटमध्ये, नाहीतर पत्र्याच्या खोलीत असतो. त्याला शोधून ड्रॉइंगमध्ये आणायचं, एवढंच मी या विषयाचं सार समजते. आता पुण्यातलीच उदाहरणं घेऊन सांगते, कारण हवेत बोलून काही कळत नाही.

पाण्यापासून सुरू करू. समजा बाणेर-बालेवाडी किंवा उंड्री-पिसोळीकडे २०० फ्लॅटची सोसायटी आहे. घरटी ४ माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे दिवसाला १,०८,००० लिटर. १०,००० लिटरचा टँकर धरला तर जवळपास ११ टँकर. आता रेनवॉटर हार्वेस्टिंग, जे ब्रोशरमध्ये पहिल्या पानावर असतं. टेरेस १,००० चौरस मीटर धर, पुण्यात वर्षाला ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस, वाया जाणारं वजा करून ८० टक्के हाताला लागलं असं धरलं तर वर्षभरात सुमारे ५,६०,००० लिटर. खूप वाटतं ना, पण ते त्या सोसायटीचं पाच दिवसांचं पाणी आहे! वर्षाच्या ३६५ दिवसांतले पाच. करायलाच पाहिजे, नियमानेही करावं लागतं, पण "आमची बिल्डिंग पाण्यात स्वयंपूर्ण" असं कुणी छापत असेल तर हा हिशोब त्यांच्यासमोर ठेव.

आणि खाली आपला काळा पाषाण आहे हे विसरू नको. पाणी मुरतं ते मुरुमात आणि खडकाच्या भेगांत, सलग कठीण खडक लागला तर खड्डा भरून तसाच उभा राहतो. भूजलाचा अभ्यास असलेल्या माणसाला एकदा प्लॉटवर आणल्याशिवाय रिचार्ज पिटची, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याची, जागा ठरवायची नाही, नाहीतर कोपऱ्यात उरलेल्या जागेत खड्डा काढतात, फोटो काढतात आणि दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

उरलेले ३६० दिवस पाणी कुठून येतं? खडकवासला साखळीतली चार धरणं, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, आणि त्याच पाण्यावर कालव्याच्या शेवटी दौंड-इंदापूरचा शेतकरी बसलेला असतो. महापालिकेचं पाणी पुरत नाही तिथे टँकर, आणि टँकर म्हणजे बऱ्याचदा शहराच्या कडेच्या कुठल्यातरी गावची विहीर. सोसायटीने खोल बोअर मारला की शेजारच्या गावठाणातल्या जुन्या विहिरीची पातळी उतरते, आणि तिथली बाई परत हंडा घेऊन लांब जायला लागते. तिचं नाव तुझ्या वॉटर बॅलन्स शीटमध्ये, म्हणजे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं त्या हिशोबात, नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गीयन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट एकदम वाढले तेव्हा विहिरी, टँकर, आरओ प्लांट सगळ्यांची तपासणी करायची वेळ आली होती, तोपर्यंत आपण पितोय ते पाणी कुठलं हे किती लोकांनी विचारलं होतं? म्हणून वॉटर बॅलन्स करताना "टँकर" एवढंच न लिहिता कुठल्या गावचा, कुठल्या स्रोताचा हे लिहायची सवय लाव. लॉनचा प्रश्नही इथेच येतो. लँडस्केपवाला हिरवंगार लॉन दाखवतो आणि उन्हाळ्यात ते जगवायला रोज पाणी लागतं. आपल्या टेकड्यांवरची देशी झाडं लाव, पहिली दोन-तीन वर्षं सांभाळली की पुढे फारसं मागत नाहीत.

आता खरं पाणी कुठे वाचतं ते सांगते, एसटीपीत, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये. त्या १३५ लिटरमधले साधारण ४५ लिटर फ्लशला जातात. दोन वेगळ्या पाइपलाइन टाकून फ्लशला शुद्ध केलेलं सांडपाणी दिलं तर रोज ३६,००० लिटर वाचतात, रोज! छतावरचं वर्षभराचं पाणी एसटीपी सोळा दिवसांत भरून काढते. म्हणून मी सगळ्यांना सांगते की एका यंत्रणेवर पैसे आणि डोकं खर्च करायचं असेल तर ते इथे करा. २०,००० चौरस मीटरच्या वरच्या प्रोजेक्टला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यात एसटीपी येतेच, म्हणजे पुण्यात अशा बिल्डिंग कमी नाहीत. पण पझेशन झालं, बिल्डर गेला, कमिटी आली, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल बघितलं आणि प्लांट रात्री बंद, मग दिवसाही बंद, मग इन्स्पेक्शनच्या दिवशी चालू. अशा सोसायट्या मी बघितल्यात. अर्धवट शुद्ध झालेलं सांडपाणी ओढ्यात जातं, ओढ्यातून रामनदी नाहीतर मुठा, आणि नदीकाठच्या वस्तीला तो वास. प्रॉपर्टी टॅक्समध्ये महापालिका सोलर, गांडूळखत, रेनवॉटर यातलं एक असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सूट देते, चांगली योजना आहे. पण सूट घेऊन यंत्रणा बंद ठेवणं म्हणजे ज्याच्याकडे टेरेसच नाही अशा भाडेकरूच्या, वस्तीतल्या माणसाच्या वाट्याचे पैसे आपण खातोय, असं मी स्पष्ट बोलते कमिटीत. काहींना राग येतो, येऊ दे.

पण एसटीपीचा सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा नाहीच, तिथे उतरणाऱ्या माणसाचा आहे. टाकीत गाळ बसतो, हवा नसते, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो, माणसाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि दोन श्वासांत तो खाली पडतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. अशा बातम्यांत एकाच वेळी दोन-तीन जण गेलेले असतात ते यामुळे. २०१३ च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाला असं धोकादायक पद्धतीने उतरवायला बंदी आहे, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये मृत्यूला १० लाखांची भरपाई सांगितली होती ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. तरी "अरे दोन मिनिटं उतर, पंप अडकलाय" असं सांगणारा सुपरवायझर अजून आहे, आणि उतरणारा कोण असतो, कुठल्या समाजाचा असतो, हे वेगळं सांगायला नको. जात ही या टेक्नॉलॉजीच्या बाहेरची गोष्ट नाही, ती थेट त्या मॅनहोलच्या झाकणाशी उभी आहे.

आणि इथे तुझ्या हातात खूप काही आहे, कारण माणसाला उतरावं लागणार की नाही हे निम्मं ड्रॉइंगमध्येच ठरतं. पंप गाइड रेलवर, म्हणजे टाकीतल्या उभ्या दांड्यांवर, बसव, साखळीने वर ओढता आला पाहिजे, म्हणजे दुरुस्तीला खाली जायची गरज नाही. प्रत्येक टाकीला एक नाही दोन झाकणं, समोरासमोर, म्हणजे हवा खेळते आणि वरूनच गाळ ओढता येतो. गाळ उपसणारी गाडी जवळपर्यंत येईल असा रस्ता ठेव, पोडियमच्या खाली शेवटच्या कोपऱ्यात प्लांट ढकलला की गाडीचा पाइप पोचत नाही आणि मग बादली घेऊन माणूस उतरतो. प्लांट रूमला स्वतंत्र एक्झॉस्ट. गॅस डिटेक्टर, माणसाला वर ओढायचा ट्रायपॉड, अंगाला बांधायचा हार्नेस या वस्तू टेंडरमध्ये वेगळ्या आयटम म्हणून टाक, "ठेकेदाराने सुरक्षेची काळजी घ्यावी" असल्या एका वाक्यावर सोडू नको. आणि ऑपरेटरला बसायला खोली, बाथरूम, साबण. तो माणूस आठ-आठ तास त्या आवाजात आणि वासात काढतो, त्याला हात धुवायला नळ नसतो, हे मी ग्रीन सर्टिफिकेट लॉबीत लावलेल्या बिल्डिंगमध्ये बघितलंय आणि मला त्याची चीड येते.

यानंतर बांधणारी माणसं. रेटिंग सिस्टिममध्ये कामगारांच्या सुरक्षेचा, स्वच्छतेचा मुद्दा आहे, "गृह" या रेटिंगमध्ये आहे, "आयजीबीसी" या दुसऱ्या रेटिंगमध्येही कामगारांच्या मूलभूत सोयींसाठी पॉइंट आहे, तो तुझ्या चेकलिस्टमध्ये शोध, सापडेल. पण तो बहुतेक वेळा फोटोंवर भागवला जातो, हेल्मेट घातलेले चार जण आणि एक पाण्याचा कूलर. प्रत्यक्षात लेबर कॅम्प म्हणजे पत्र्याची रांग, खिडकी नाही, एप्रिल-मे महिन्यात आत बसवत नाही, पावसाळ्यात जोत्यापर्यंत पाणी. जून २०१९ च्या शेवटी कोंढव्यात शेजारच्या सोसायटीची सीमाभिंत मध्यरात्री साइटवरच्या अशाच झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. त्या रात्रीनंतर मी कुठल्याही साइटचा लेआउट बघताना पहिल्यांदा कॅम्प कुठे आहे ते बघते. खोदकामाच्या काठावर नको, रिटेनिंग वॉलच्या खाली नको, उताराच्या पायथ्याशी नको. हे कळायला इंजिनियर असायची पण गरज नाही, पण कॅम्प कुणाच्याच ड्रॉइंगमध्ये नसतो, ठेकेदार उरलेल्या जागेत उभा करतो, म्हणून हे होतं.

तर कॅम्पचं ड्रॉइंग तू काढ. खरंच काढ. जोतं फूट-दीड फूट उंच, पत्र्याखाली इन्सुलेशन नाहीतर वरती शेडनेट, समोरासमोर दोन झडपा, बायकांसाठी कडी लागणारी बाथरूम आणि तिथपर्यंत जाणाऱ्या वाटेवर दिवा. पूर्ण प्रोजेक्टच्या खर्चात हा आकडा दिसतसुद्धा नाही. पाळणाघराची जागाही तिथेच दाखव. ५० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर द्यायचं हे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातच होतं, पण पन्नासचा आकडा कागदावर कधी पूर्णच व्हायचा नाही, कारण बाई नवऱ्याच्या जोडीत मोजली जायची. पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस, डोअर स्टेप स्कूल अशा संस्था साइटवरच्या मुलांसाठी काम करतात, त्यांना एक कोरडी, सुरक्षित खोली आणि वीज दिली तरी खूप काही उभं राहतं. माझा अनुभव असा की पाळणाघर असलेल्या साइटवर बायका टिकतात, जोड्या टिकतात, कामाला खंड पडत नाही. म्हणजे नैतिक म्हणून नको वाटत असेल तर वेळेचं गणित म्हणून सांग क्लायंटला, मला दोन्ही चालतं, मूल रेतीच्या ढिगाऱ्यावर झोपायला नको.

सेसचंही बघ. बांधकाम खर्चाच्या १ टक्का सेस (उपकर) भरला जातो, तो कामगारांच्या कल्याण मंडळाकडे जातो, पण त्यातून शिष्यवृत्ती, उपचार, काही मिळायचं तर कामगाराची नोंदणी हवी आणि नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. वारजे नाहीतर डांगे चौकाच्या मजूर अड्ड्यावर उभा असलेला बिगारी आज इथे उद्या तिथे, त्याला ९० दिवसांचा दाखला कोण देणार? मुकादम देत नाही, ठेकेदार टाळतो. तुमच्या ऑफिसने बिल पास करताना नोंदणी झालेल्या कामगारांची यादी मागितली ना, तर कामं होतात. बिल अडकलं की सगळे दाखले निघतात.

मटेरियलबद्दल फार लिहीत नाही, त्यावर माहिती भरपूर मिळते, फक्त दोन गोष्टी. एक, नदीची वाळू बंद होऊन क्रश सँड आली हे नदीसाठी चांगलं झालं, पण दगड वाघोली-मोशीकडच्या खाणींतूनच येतो, आणि क्रशरची धूळ तिथल्या कामगाराच्या फुफ्फुसात आणि शेजारच्या शेतातल्या पिकावर बसते. पाणी मारलेला, झाकलेला क्रशर आहे का हे सप्लायरला विचारता येतं, एकदा जाऊन बघताही येतं, अर्ध्या दिवसाचं काम आहे. विटांचंही तसंच, भट्टीवर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आलेलं कुटुंब हंगामभर अडकलेलं असतं, पोरं शाळेबाहेर. फ्लाय ॲशच्या (राखेच्या) विटा नाहीतर एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे, ब्लॉक वापरलेस तर माती वाचते, राख कामी लागते, पण भट्टीवरचं ते कुटुंब आपोआप सुखी होत नाही, त्याचं काम फक्त जातं. याला सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरी गोष्ट मजुरीचा वाटा. सिमेंट-स्टील-ॲल्युमिनियमच्या कामात बिलाचा मोठा भाग कारखान्याकडे जातो, दगड-चुना-मातीच्या कामात मोठा भाग हाताला जातो. आपल्याकडे वडार समाजाचे कारागीर काळा दगड असा घडवायचे की पुण्यातल्या जुन्या इमारती आजही ताठ उभ्या आहेत, त्यांचीच पुढची पिढी आज क्रशरवर नाहीतर बिगारी म्हणून आहे. पेठांमधले वाडे पडतात तेव्हा सागवानी तुळया, घडीव दगड निघतो, ते सामान जपून काढून परत वापरणं यापेक्षा जास्त सस्टेनेबल काय असणार? पण डिमॉलिशनवाल्याला दोन आठवडे जास्त कोणी देत नाही. आणि बाई. ती घमेलं उचलायला येते आणि वीस वर्षांनी घमेलंच उचलत असते, तिच्याबरोबर आलेला मुलगा मात्र गवंडी होतो. नवीन तंत्र आलं की सगळ्यांनाच नव्याने शिकावं लागतं, एएसीचं पातळ सांध्याचं काम, वॉटरप्रूफिंग, टाइल, सोलरची वायरिंग, तेव्हाच बायकांना ट्रेनिंगला बसवायची संधी असते. टेंडरमध्ये ट्रेनिंगची अट टाकता येते.

आता ज्या माणसाला घर मिळतं पण निवडायला मिळत नाही त्याच्याबद्दल. एसआरएचा, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचा, प्लॉट असतो, एकीकडे विकायची सेल बिल्डिंग, एकीकडे वस्तीतल्या लोकांची रिहॅब. रेटिंग, सोलर, चांगली काच सगळं सेलला, आणि रिहॅबला मायवान शटरिंगच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, काँक्रीटच्या भिंती, ३०० चौरस फुटांचं घर, खिडकी शेजारच्या बिल्डिंगच्या डक्टमध्ये. काँक्रीट एएसी ब्लॉकच्या सुमारे आठपट उष्णता वाहून नेतं, भिंतीही पातळ, म्हणजे पश्चिमेची भिंत संध्याकाळी तव्यासारखी तापते आणि रात्री अकरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. ज्याला एसी परवडत नाही त्यालाच आपण सगळ्यात गरम घर देतोय. इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जा बचतीच्या नियमावलीत, २०१८ पासून भिंती-खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेला १५ वॅट प्रति चौरस मीटरची मर्यादा सांगितली आहे, तो हिशोब तू सेल बिल्डिंगचा करशीलच, रिहॅबचाही कर आणि दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी ठेव. उपाय महागडे नाहीत, खिडकीवर दोन फुटांचा छज्जा, टेरेसला पांढरा कोट, वारा समोरासमोर जाईल अशी झडप, लिफ्ट आणि पंपाला पुरेल एवढं सोलर रिहॅबच्या टेरेसवर. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण मेंटेनन्स परवडला नाही की लिफ्ट बंद पडते आणि सातव्या मजल्यावरची म्हातारी घरात अडकते.

यापेक्षा वेगळं करता येतं हे पुण्यातच झालंय. येरवड्यात जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेच्या काळात वस्तीतल्या कच्च्या घरांच्याच जागी नवीन घरं बांधली, पक्की घरं तशीच ठेवली, गल्ल्या तशाच, शेजार तोच. स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन या वस्त्यांतल्या बायकांच्या संघटनेने घरोघरी बसून चर्चा केल्या, आर्किटेक्ट प्रसन्न देसाईंच्या ऑफिसने घरांचे वेगवेगळे नमुने काढले, लोकांनी स्वतः निवडले आणि १० टक्के वाटा भरला. घर २५ चौरस मीटरचंच, पण ज्याचं त्याने ठरवलेलं. सगळीकडे हे जमेल असं नाही, वेळ खूप जातो आणि दोन घरांमधल्या भिंतीवरून भांडणंही होतात, पण विचारून बांधलेल्या घराची माणूस काळजी घेतो, हे मी तिथल्या गल्ल्यांमधून फिरताना बघितलंय.

कचऱ्याचं एकच वाक्य. सोसायटीत कंपोस्टिंग मशीन बसवताना सुका कचरा कुणाला जाणार हे लिहून घ्या, कारण "स्वच्छ" सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायकांचं पोट त्या भंगारावर आहे, २००८ पासून त्या हे शहर उचलून धरतायत, आणि मशीनवाला ठेकेदार आला की पहिलं त्यांनाच गेटवर अडवलं जातं.

आता तुझ्या हातात काय. ज्युनियर आहेस म्हणून बॉसशी तत्त्वावर वाद घालत बसू नको, त्यातून काही निघत नाही. ड्रॉइंग आणि टेंडर ही तुझी हत्यारं. एसटीपीचा सेक्शन, कॅम्पचा लेआउट, टँकरचा स्रोत आणि रिहॅबचा उष्णतेचा हिशोब या चार गोष्टी काढ आणि पुढच्या कोऑर्डिनेशन मीटिंगला समोर ठेव, आयटमच्या रेटसकट. रेट लिहिला की चर्चा "करायचं का" वरून "कोणाच्या बजेटमध्ये" वर येते. आणि जे नाकारलं जाईल ते मीटिंगच्या मिनिट्समध्ये नाकारलं असं लिहून घे, कुणी नाकारलं त्याच्यासकट. बऱ्याच वेळा फक्त लिहायची वेळ आली की लोक मान्य करतात. पंपाच्या गाइड रेलचा रेट हवा असेल तर तुझ्या टाकीची खोली आणि पंपाचं वजन कळव, मी अंदाज काढून देते.